कोठीतला खर्ज

आमच्या घरातली धान्याची कोठी मी एकदा रेडिओला जोडली होती.

हे वाचून मी कुणाला विक्षिप्त वाटलो असेन, तर त्यांनी जरा दम धरावा. पुढं वाचल्यावर मी नुसता मूर्ख वाटेन. पंचावन्न सालची मे महिन्याची सुट्टी होती आणि मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. शास्त्राच्या मास्तरला सुट्टी देऊ नये, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. गणिताचा मास्तर सुट्टीत झोपतो, मराठीचा कविता करतो (पहिला जास्त निरुपद्रवी), पण शास्त्राचा मास्तर घरातल्या धडधाकट वस्तू उघडून बघतो.

आमचे वडील, अण्णा, गाणं शिकवायचे. मी सात वर्षांचा असताना त्यांनी माझा गळा तपासला आणि आईला म्हणाले, "ह्याला शाळेत घाला." मी शाळेत गेलो तो अजून शाळेतच आहे. सगळी विद्या गेली ती माझ्या धाकट्या बहिणीकडे, कुसुमकडे. अकरा वर्षं ती अण्णांपुढं तंबोरा घेऊन बसत होती. अण्णांचा नियम असा, की गुरूनं ‘आता बस’ म्हटल्याशिवाय शिष्यानं चार माणसांत गायला बसायचं नाही. अकरा वर्षांत अण्णांच्या तोंडून हे दोन शब्द बाहेर पडले नव्हते. कुसुमचं वय वाढत होतं, रियाज वाढत होता, आणि अण्णा डोळे मिटून ‘पुन्हा घे’ म्हणत होते.

तेव्हा पुण्याला रेडिओ केंद्र सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. तिथं नव्या गाणाऱ्यांची परीक्षा घेतात असं कळलं आणि मी गुपचूप कुसुमच्या नावानं फॉर्म भरला. मामाकडे जायचं निमित्त करून आईनं तिला पुण्याला नेलं, आणि पोरगी पास झाली! पत्र आलं ते नेमकं अण्णांच्या हातात. त्यांनी ते वाचलं, घडी घालून कोनाड्यात ठेवलं, तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि त्या दिवसापासून कुसुमशी बोलणं टाकलं. ‘तिला सांगा, चहा निवतोय,’ असं समोर बसलेल्या कुसुमविषयी ते आईला सांगत. चार महिने पोरगी घरात खालमानेनं वावरत होती. मला ते बघवत नसे, आणि फॉर्म मी भरला हे अण्णांना सांगवतही नसे. (धीर गोळा करत होतो. चार महिन्यांत फारसा जमला नव्हता.)

कार्यक्रम ठरला तो मे महिन्यात, दुपारी बारा चाळीसला. पंधरा मिनिटं, वृंदावनी सारंग. कुसुमला घेऊन पुण्याला जायच्या पंधरा दिवस आधी आई अण्णांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, एकदा ऐका तरी. अण्णा सुपारी कातरत होते.

"ऐकीन," ते म्हणाले. "एकदाच ऐकीन. सुरात असली तर गवसणी काढीन. नसली तर तंबोरा कुणाला तरी देऊन टाकीन. मग तिनं त्याचं नाव काढायचं नाही. पण ह्या डब्यावर मी ऐकणार नाही. ज्यातनं तंबोरा ऐकू येत नाही, त्यातनं सूर काय कळणार?"

डबा म्हणजे आमचा रेडिओ. कुसुम दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी म्हणालो, "अण्णा, मी तुम्हाला असा आवाज ऐकवतो, की कुसुम समोर बसून गातेय असं वाटेल. तंबोऱ्यासकट."

हे बोलायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

खरं तर अण्णांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. घरगुती रेडिओतला स्पीकर केवढा, तर बशीएवढा. त्याचा कागद हलून हलून हवा किती हलवणार? बारीक आवाज बाहेर पडतात आणि जाड आवाज पोटातच राहतात. आमच्या गल्लीत पाचसात रेडिओ होते आणि ज्याच्या त्याच्या मते त्याच्यासारखा आवाज कुणाचाच नव्हता. ते खरंही होतं. एकाचा पत्र्यावर खडे पडल्यासारखा, दुसऱ्याचा पडसं झाल्यासारखा. असल्या रेडिओपुढं बसून ही मंडळी ‘क्या बात है’ म्हणत माना डोलवायची! गाणं कळत नाही असं कबूल करणारा माणूस मी कोल्हापुरात अजून पाहिलेला नाही. शेजारच्या दत्तोबा चौगुल्यांचा रेडिओ तर दोन विटांएवढा होता आणि तो गोठ्याच्या खिडकीत असायचा, धारा काढताना ऐकायला. मी त्यांना तोंडावर हसायचो. ते रागवायचे नाहीत. म्हशी पाळणाऱ्या माणसाजवळ सबुरी फार असते.

मी एका मोडीत निघालेल्या तंबूतल्या सिनेमाचा स्पीकर मिळवला. जेवणाच्या ताटाएवढा. रेडिओच्या पोटातून दोन तारा काढून त्याला जोडल्या, टेबलावर उभा केला आणि सगळ्यांना बोलावलं. आवाज निघाला तो डब्यापेक्षाही मचूळ. अण्णा आले तसे परत गेले.

एका जुन्या इंग्रजी मासिकात मला कारण सापडलं. स्पीकरचा कागद पुढची हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. पुढचा आवाज आणि मागचा आवाज कडेनं वळून एकमेकांना भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. जाड सूर तर पहिले मरतात. उपाय एकच. मागचा आवाज मोठ्या, जड, बंद पेटीत कोंडून घालायचा. पेटी जेवढी मोठी तेवढा खर्ज खोल. मासिक मांडीवर ठेवून मी घरभर नजर फिरवली, आणि माझी नजर स्वयंपाकघरातल्या कोठीवर थांबली.

जाड पत्र्याची, छातीएवढी उंच, वर घट्ट झाकण. शाहूवाडीकडचा वर्षाचा तांदूळ तिच्यात नुकताच भरला होता. मालती, म्हणजे माझी बायको, दोन दिवस माहेरी कागलला गेली होती. तेवढ्यात मी झाकणाला ताटाएवढं भोक पाडलं, आतल्या बाजूनं स्पीकर बसवला, तांदूळ बाहेर काढला आणि कोठी ढकलत ढकलत पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात आणली. (शास्त्रात वेळ साधणं फार महत्त्वाचं असतं.) रिकामी कोठी थरथरायला लागली, म्हणून अर्धा तांदूळ परत आत ओतला. तांदळानं पत्र्याची थरथर जिरते, हा माझा स्वतःचा शोध. उरलेला तांदूळ बादल्या, घंगाळ आणि अण्णांचं आंघोळीचं पातेलं यांत राहिला.

मालती परत आली. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली नाही. कोठीकडं बघितलं, बादल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लोक अन्नाला नमस्कार करतात," ती म्हणाली. "तुम्ही त्याला तारा जोडल्यात."

मी रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या, आणि तो आवाज! बातम्या देणारा माणूस पुण्यामुंबईला नसून आमच्या जमिनीखाली बसला आहे, असं वाटावं. फरशी तळव्यांना गुदगुल्या करायला लागली. मी विजयानं मालतीकडं पाहिलं, तर ती खाली पाहत होती. कोठीच्या झाकणाच्या फटीतून तांदळातले टोके, ते बारीक काळे किडे, बाहेर पडत होते. एक नाही, दोन नाही, अख्खी वरात. परराष्ट्र धोरणाचं वाक्य सुरू झालं की त्यांचा वेग वाढायचा.

"आवाजाचं मला कळत नाही," मालती म्हणाली, "पण तांदूळ निवडायचं काम वाचलं."

दुसऱ्या दिवशी दत्तोबा आले. अंगणातच उभे राहिले, डोक्यावरचा पटका नीट केला.

"मास्तर, तुमचा त्यो बातम्या देणारा बाप्या जरा बारीक करा की. लई घुमतोय. म्हस पान्हा सोडंना झालीया."

मला हे प्रशस्तिपत्रकच वाटलं. म्हैस फसली म्हणजे आवाज खरा! मी दत्तोबांना पुढचा-मागचा आवाज, कोंडलेली हवा, सगळं समजावलं. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "व्हय, समदं खरं. पर दूध न्हाय."

एक गोष्ट मात्र मालतीला पहिल्या दिवसापासून खटकत होती. कार्यक्रम चालू असो वा नसो, कोठीतून एक संथ, जाड, अखंड ‘ऊं’ असा आवाज यायचा. (अण्णा रेडिओ लागला की देवळात जाऊन बसायचे, म्हणून त्यांच्या कानावर तो पडला नव्हता.) ते विजेचं गुणगुणणं होतं. आमच्या रेडिओचा एक जुना भाग थकला होता, म्हणून वीज आत येताना आपला सूर लावून यायची. डब्याच्या बशीएवढ्या स्पीकरला तेवढा जाड सूर काढताच येत नव्हता, त्यामुळं इतकी वर्षं तो लपून राहिला होता. ताटाएवढा स्पीकर आणि कोठी मिळाल्यावर त्याला कंठ फुटला. हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी मालतीला काय सांगितलं? "तो खर्ज आहे. त्यानं खोली भरते." बायकोला कळत नाही आणि आपल्याला कळतं, ही खात्री फार वाईट. ती खात्री असली की मास्तरसुद्धा शिकायचं थांबतो.

आता राहिली खोली. मासिकात लिहिलं होतं, की उत्तम स्पीकरसुद्धा वाईट खोलीत वाया जातो. परीक्षा सोपी: मधोमध उभं राहून टाळी वाजवायची, टाळी परत आली तर खोली नापास. मी दोन दिवस घरभर टाळ्या वाजवत हिंडलो. अण्णांनी मालतीला विचारलं, आज आरती कसली आहे. आमच्या पुढच्या खोलीत खाली फरशी, भिंतींना गुळगुळीत चुना. एक टाळी वाजवली की तीन ऐकू यायच्या. भिंतींना काहीतरी जाडजूड, केसाळ पांघरायला हवं होतं. मी गाद्यांचा विषय काढला, तर मालती गादीवर जाऊन बसली आणि उठेना.

पुन्हा दत्तोबाच उपयोगी पडले. मुरगुडात त्यांचे पावणे होते, मेंढरं राखणारे. तिथून त्यांनी अकरा घोंगडी आणून दिली. देताना म्हणाले, "मास्तर, आधी दोन दीस उनात टाका बरं का." कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. मला कुठला वेळ! शिवाय घोंगडी उन्हात टाकल्यानं आवाजात काय फरक पडतो, असं कुठल्याच मासिकात लिहिलेलं नव्हतं. मी ती तशीच खिळ्यांनी भिंतींवर ठोकली, खिडक्यांवरही ठोकली आणि टाळी वाजवली. टाळी मेली. परत म्हणून आली नाही. मी इतका खूष झालो, की पाय का खाजतोय याचा विचारच केला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बारा वाजल्यापासून गल्ली जमली. मीच बोलावली होती. (साक्षीदारांशिवाय यश पचत नाही.) वीसेक माणसं, दत्तोबा पुढच्या रांगेत. चौगुलेकाकू तेवढ्या आल्या नाहीत, कारण त्यांच्या रेडकाला बरं नव्हतं. आवाज सगळ्यात चांगला कुठं पोचतो ती जागा मी शोधून काढून फरशीवर खडूनं वर्तुळ आखलं होतं. त्यात अण्णांची खुर्ची.

"मला वाळीत टाकलंय का?" अण्णांनी विचारलं. पण बसले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात काठी. मैफलीला जावं तसे तयार झाले होते. हा माणूस मुलीचं गाणं नापास करायला आलेला नव्हता. त्याला ते पास व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी तो माझ्या कोठीवर विसंबून बसला होता.

बाहेरचा आवाज नको म्हणून मी दार लावलं आणि खालच्या फटीत पोतं कोंबलं. मे महिन्याची दुपार, अकरा घोंगडी, वीस माणसं आणि तापलेला रेडिओ. पाच मिनिटांत मेंढरांचा वास उठला. दहाव्या मिनिटाला पिसवांना बातमी लागली, की जेवण आपण होऊन आलं आहे. आधी मागच्या रांगेत कुणीतरी पोटरी खाजवली. मग मधल्या रांगेत. मग सगळी सभा आपापल्या परीनं कामाला लागली. बायका अदबीनं, पदराआडून; पुरुष उघडपणे.

निवेदिकेनं कुसुमचं नाव घेतलं आणि सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत कोठीनं आपला सूर धरला. ऊं. खोल, भरदार, अखंड. अण्णांनी डोळे मिटले. त्यांची मान किंचित हलली.

"तंबोरा छान लावलाय," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, जिंकलो! मी मालतीकडं बघून भुवया उडवल्या. मालतीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तिला माझ्याआधी कळलं होतं.

कुसुमनं सा लावला. तिची पट्टी काळी चार. विजेची पट्टी कुठली? पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या बरीच खाली, अशी मधल्या फटीत. बाजाच्या पेटीवर ती सापडत नाही. जगातला कुठलाही गवई ती घेऊन बसत नाही. तिच्यामागच्या खऱ्या तंबोऱ्याचा सूर पुण्याहून निघाला असेल, पण आमच्या खोलीत तो विजेच्या त्या ‘ऊं’खाली पार बुडाला होता. ऐकू येत होती फक्त कुसुम, आणि तिच्या पायाखाली माझी वीज.

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. ते पुढं वाकले. कुसुमनं रिषभ घेतला. अण्णांनी डोळे उघडले.

"तंबोरा जागेवर आहे," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "पोरगी त्याच्यात नाही. चढी लागतेय. पहिल्यापासून चढी."

खोलीत नुसता खाजवण्याचा आवाज येत होता.

इथं मला एकच वाक्य बोलायचं होतं. ‘अण्णा, तो तंबोरा नाही.’ चार शब्द. शेजारून मालती दबक्या आवाजात म्हणाली, "सांगा." आणि मी काय केलं? मी वीस माणसांकडं बघितलं. ह्याच माणसांना मी पंधरा दिवस ‘खरा आवाज’ म्हणजे काय ते शिकवत होतो. त्यांच्यासमोर ‘हा विजेचा बिघाड आहे’ असं म्हणायचं? मी म्हणालो, "थांबा अण्णा, जरा जुळवतो." बहिणीची अकरा वर्षं एका पारड्यात आणि माझा आब दुसऱ्या पारड्यात, आणि मी वजन टाकलं ते दुसऱ्या पारड्यात. आजही जेवताना मधेच आठवलं की घास फिरतो.

जुळवायला मी रेडिओची कळ फिरवली. ‘ऊं’ तसाच राहिला, कुसुम मात्र बारीक झाली. उलटी फिरवली, तर खर्जानं झाकण थडथडायला लागलं. मग वाटलं, कोठीत तांदूळ कमी पडतोय, म्हणून मी झाकण उचललं. त्या ओढीनं तार तुटली. कुसुम गप्प झाली, वीज गप्प झाली आणि तारेचं टोक सुळकन तांदळात बुडालं.

अण्णा उठले. काठीनं दारातलं पोतं बाजूला सारलं. "कळलं मला," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांच्या मागून सगळी सभा बाहेर पडली, कारण आता संगीताचा मुलाहिजा राहिला नव्हता आणि पिसवा अनावर झाल्या होत्या.

मी मात्र हटलो नाही. स्टूल घेतलं, कोठीवर ओणवा झालो आणि तारेचं टोक शोधायला हात घातला. तार खोल गेली होती. मग खांदा घातला. मग डोकं घातलं. तांदूळ कानात गेला, नाकात गेला, टोके कॉलरमधून आत गेले (त्यांचं तरी चुकलं काय, घर त्यांचंच होतं), पण मी ‘आत्ता सापडेल, आत्ता सापडेल’ करत राहिलो. किती वेळ, देव जाणे. बाहेर काय घडलं ते मला नंतर मालतीनं सांगितलं.

अण्णा अंगणात येऊन उभे राहिले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. त्यांना कुठं जायचं ते सुचत नसावं. तेवढ्यात चौगुल्यांच्या गोठ्याकडून गाणं ऐकू आलं. काकूंनी आजारी रेडकाजवळ बसून तो दोन विटांएवढा रेडिओ लावला होता. अण्णा थबकले. मग कुंपणापाशी गेले. मग कुंपणाचं फाटक उघडून, आयुष्यात कधी गोठ्यात पाय न ठेवलेला तो माणूस थेट गोठ्याच्या खिडकीला कान लावून उभा राहिला. मागोमाग सगळी गल्ली. चौगुलेकाकू उठायला लागल्या, तर अण्णांनी हातानं त्यांना ‘बसा’ असं खुणावलं.

मालती सांगते, कुसुमनं मध्य लयीतली चीज धरली होती. त्या एवढ्याशा रेडिओतनं आवाज येत होता तो बारीकच. पण गोठ्याला ना भिंती गुळगुळीत, ना खिडकी बंद. शेणानं सारवलेली जमीन, वैरणीचे भारे, वर गवती छप्पर. खोलीत काय असावं असं मासिकात लिहिलं होतं, ते सगळं दत्तोबांनी म्हशींसाठी आधीच करून ठेवलं होतं. गाण्यामागं तंबोरा ऐकू येत होता. खर्ज नव्हता, नुसत्या वरच्या तारांची झिणझिण. अण्णा पाच मिनिटं ती झिणझिण ऐकत राहिले. शेवटची तान आली, समेवर पडली, आणि अण्णांच्या तोंडून ‘हां’ निघालं. दत्तोबा म्हणाले, "पोरीनं नाव काढलं वो." अण्णांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग ते घरात आले. मी नुकताच तारेचं टोक हातात धरून कोठीतून वर निघालो होतो. भुवयांत तांदूळ.

"तिचा तंबोरा मी आत्ता ऐकला," अण्णा म्हणाले. "बारीक आहे, पण तिचाच आहे. मग तुझ्या ह्या कोठीत गात होतं ते कोण?"

"वीज," मी म्हणालो.

"तुला ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं. तुम्ही चढी म्हणालात तेव्हा कळलं. तरी बोललो नाही." आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगून टाकलं. "आणि तो फॉर्मही मीच भरला होता."

"ते ठाऊक आहे. कुसुमला इंग्रजी फॉर्म कुठला भरता येतोय," अण्णा म्हणाले. मग कोठीकडं काठी करून म्हणाले, "त्या वीजबाईला सांग, सभेत बसायचं तर आधी पट्टी ठरव. आणि माझं आंघोळीचं पातेलं दे."

त्या संध्याकाळी त्यांनी तंबोऱ्याची गवसणी स्वतः काढली, तारा पुसल्या आणि काळी चारमध्ये लावून ठेवला. मालती घोंगडी सकाळी उन्हात टाकायला भिंतींवरून उतरवत होती.

तिसऱ्या दिवशी आई आणि कुसुम पुण्याहून परतल्या. कुसुम दारातच घुटमळली. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, आईकडं नाही.

"कोमल निषाद अजून घासायला हवा," ते म्हणाले. "पहाटे बस. आणि येत्या गुरुवारी चार माणसं बोलावलीत. त्यांच्यासमोर बस."

कुसुम तिथंच खाली बसली आणि रडली. चार महिन्यांचं सगळं एकदम रडली. मग गल्ली आली. दत्तोबांनी चरवीभर दूध आणलं, चौगुलेकाकूंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. प्रत्येकानं तिला तिचंच गाणं वर्णन करून सांगितलं. तान कशी गेली, सम कशी आली, कोण कुठं उभं होतं. मी कोपऱ्यात उभा राहून मान डोलवत होतो.

सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी आली. डोळे अजून ओलेच होते.

"दादा, हे सगळं तुझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "सगळ्यांनी सांगितलं, आता तू सांग. तुला कसं वाटलं? शेवटची तान बरी झाली ना?"

मी घसा खाकरला. चप्पल पायात सरळ केली. चपलेतून तांदळाचा एक दाणा पडला.

"मला नाही सांगता यायचं," मी म्हणालो. "मी तेव्हा आत होतो."

"आत म्हणजे कुठं?"

स्वयंपाकघरातून मालतीचा आवाज आला, "तांदळात."

आवाजाच्या शास्त्राचा मी त्यानंतर पुष्कळ अभ्यास केला आणि हिशेब अगदी बरोबर जुळतो. त्या दुपारी आमच्या गल्लीत कुसुमचं गाणं पोचू शकणार नाही अशी जागा एकच होती, आणि ती पंधरा दिवस खपून मी माझ्यासाठी तयार केली होती.